आधी हर हर, मग किल्ली

२ मे १९७७, सोमवार
उपास. महादेवाला पाणी घालून सायकलने गॅरेजवर. हुडकेश्वर ते गॅरेज हे अंतर उन्हाळ्यात दर वर्षी थोडे वाढते.

लग्नांची दाट तिथी. आमच्या सगळ्या भाड्याच्या बसगाड्या वऱ्हाडात, आणि त्यांच्या किल्ल्या माझ्याकडे. नवा ड्रायव्हर रुसला. मी त्याला म्हटले, जवळ ये, हर हर महादेव म्हण. तो म्हणे, "काहून? मी का देवळात आलो?" मागून जुन्याने ढोसले, "म्हण ना बे. बाबूजी तोंडाचा वास घेतेत. म्हटल्याबिगर किल्ली नाई भेटत." म्हणाला. चहा आणि विडी, दारू नाही. किल्ली दिली.

पूर्वी मी "फूक मार" म्हणत असे. एका वयस्क ड्रायव्हरच्या डोळ्यांत त्या अपमानाने पाणी आले, तेव्हापासून सोडले. "ह" म्हणताना श्वास आपोआप बाहेर येतो आणि देवाच्या नावाला कोणी नाही म्हणत नाही. आमचे ड्रायव्हर रहीमभाई "या अल्लाह" म्हणतात, शेवटचा ह लांबवून. तेही चालते.

देवाला असे नोकरीला लावणे बरे का, याचा विचार सायकलवर येतो. चढ लागला की जातो.

५ मे
भिवापूरहून व्याही आले होते, सोबत त्यांचे धाकटे भाऊ बाबाराव. आमच्या लेकीचे, शकूचे लग्न १५ तारखेला, आमच्याच दारात. वऱ्हाड त्यांच्या चुलतभावाच्या बसने येणार. मी म्हटले, आमच्या गॅरेजची पाठवतो, शेठ नाही म्हणणार नाहीत. व्याही म्हणाले, "घरची गाडी असताना भाड्याची काहून?" बरोबर आहे.

बाबाराव हसतमुख माणूस. जेवताना म्हणे, "बाबूजी, तुमच्यासमोर जांभईबी देता येत नाही म्हणतेत!" सगळे हसले. मीही हसलो. ही आतून वाढायला आली तेव्हा डोळ्यांनी सांगून गेली, लग्नात तरी तुमचे ते नाक आवरा.

जावई दिनकर शाळेत मास्तर आहे. कमी बोलतो. मला आवडला.

९ मे, सोमवार
कालची एक गाडी आज दुपारी आली, रात्रीच यायची होती. ड्रायव्हर खाली मान घालून उभा. मी विचारले नाही, तोच बोलला. "बाबूजी, मी तर नाही म्हटलं. पन नवरदेवाचे दोस्त म्हनतेत, ड्रायव्हरचा मान आहे, घ्याच लागते. दुपट्ट्यात गुंडाळून शिशी देतेत. नाही घेतली त वऱ्हाड बिघडते." घेतली, आणि मग गाडी रस्त्याच्या कडेला लावून झोपून राहिला. वऱ्हाडाने शिव्या दिल्या, पण झोपला. मी त्याला चहा पाजला. शेठ ओरडत होते.

सकाळी मी बघून सोडतो ते सकाळपुरतेच. दुपारचा मान मांडवात होतो, आणि तिथे माझे नाक नसते.

मागच्या उन्हाळ्यात दुसऱ्या एका गॅरेजची गाडी नाल्यात गेली. आमच्या गावचा सनईवाला तीत होता. त्याची सनई घरच्यांनी अजून खुंटीला लावून ठेवली आहे. त्यांच्या घरावरून जाताना मी सायकलवरून उतरतो.

१२ मे
शेठचे डॉक्टर गॅरेजवर आले होते. एक काचेची नळी दाखवली, पुढे रबराचा फुगा. आत पिवळे खडे. दारू प्यालेल्याने फुंकले की खडे हिरवे होतात म्हणे. मी फुंकून पाहिले. पिवळेच राहिले. नळी एकदाच चालते, नंतर फेकून द्यायची. शेठ म्हणाले, "बाबूजीचं नाक तर रोज चालते अन् फुकट." सगळे हसले.

घरी मांडवाचे बांबू आले.

१५ मे
लग्न लागले. जेवणे नीट झाली. गाडी अजून दारातच उभी आहे, वऱ्हाड मांडवात आडवे झाले आहे. उद्या लिहीन.

१६ मे, सोमवार
लिहून ठेवतो.

दिवस कलल्यावर पाठवणी. शकूची ओटी भरली, तिला खिडकीशी बसवले. रीतीप्रमाणे मुलीच्या बापाने ड्रायव्हरला दुपट्टा आणि नारळ द्यायचा. त्यांचा ड्रायव्हर गुलाब, चाळिशीचा, सरळ चेहऱ्याचा. मी त्याच्या खांद्यावर दुपट्टा टाकायला वाकलो आणि मोहाच्या दारूचा वास आला.

पण बाबाराव त्याच्या गळ्यात हात टाकून उभे होते. ते प्यालेले होते, हे आंधळ्यालाही कळले असते. वास एकाचा की दोघांचा?

मी हळूच म्हटले, "गुलाबराव, जरा हर हर महादेव म्हणा." त्याने बाबारावांकडे पाहिले. बाबाराव म्हणाले, "तो काहून? मीच म्हणतो ना!" आणि केवढ्याने ओरडले, "हर हर महादेव!" वऱ्हाडाला वाटले, जयजयकारच चालला आहे. सगळे ओरडले. बँडवाल्याने ढोल घातला. त्या गोंधळात गुलाबचे ओठ हलले. श्वास आला, पण बाबारावांच्या तोंडावरूनच आला. वर अत्तर, होमाचा धूर, विड्याचा कात. इतकी वर्षे हेच काम केले, आणि ऐन वेळी मला सांगता येईना.

हाताला सवय आहे. तो ड्रायव्हरच्या खिडकीतून आत गेला आणि त्याने किल्ली काढून घेतली. काढल्यावर मला कळले, मी काय केले ते.

ढोल थांबला. व्याही पुढे आले. "बाबूजी, हे का चालवलं?"
मी म्हटले, "सकाळी न्या. चहा घेऊन निघा. एवढं ऐका."
"सकाळपर्यंत माझं वऱ्हाड का रस्त्यावर झोपन? माझ्या ड्रायव्हरचं तोंड हुंगता? तुमी मुलीचे बाप आहात का पोलीस?"

बाबाराव म्हणत होते, "त्यानं घेतलीच नाही गा. मी घेतली. मी का गाडी चालवून राहिलो?" खरे असेलही.

मुलीच्या बापाने त्या वेळी वाकायचे असते. मी हात जोडले होते, पण किल्ली जोडलेल्या हातांतच होती. ही माझा सदरा मागून ओढत होती. "द्या हो. द्या. अवो, लोक पाहून राहिले."

मी देणार होतो. हे कुणाला सांगितलेले नाही. बोटे सैल केली होती. तेवढ्यात शकू गाडीतून उतरली. ओटीतले तांदूळ पायरीवर सांडले. कुणाकडे न पाहता मांडवात आली आणि पाटावर बसली. म्हणाली, "मी सकाळी जाईन." एवढेच.

त्यांच्यातली एक बाई म्हणाली, "बाप्पा! ओटी भरल्यावर नवरी मागं फिरली वं!" ते शब्द अजून मांडवात आहेत.

मग सतरंज्या घातल्या. ही रडत पिठले करायला बसली. दिनकरने आपण होऊन सगळ्यांना पाणी दिले, नवरदेवाच्या मुंडावळ्या गळ्यात तशाच. गुलाब गाडीखाली नारळ उशाशी घेऊन झोपला.

आज सकाळी मी गुलाबजवळ गेलो. तो आपण होऊन म्हणाला, "हर हर महादेव." चहाचा वास. किल्ली दिली. शकू बसली. व्याह्यांनी माझा नमस्कार घेतला नाही.

उपास होता. तसाच सायकलने गॅरेजवर गेलो.

१८ मे
एस.टी.च्या कंडक्टरकडून निरोप. वऱ्हाड सोमवारीच सुखरूप पोचले. व्याह्यांनी त्याच्याच तोंडी विचारले आहे, "गाडी तर बरोबर पोचली. मग?"

रात्री निघाली असती तरीही पोचली असती, कोण जाणे. आभाळ मोकळे होते, रस्ता कोरडा होता. या कामात चुकलो नाही तर काही घडत नाही, आणि काहीच घडले नाही तर चुकलो असेच दिसते.

ही दोन दिवस बोलत नाही. ताट ठेवून आत जाते.

२१ मे
शेठना म्हटले, ती फुग्याची नळी मागवा. वऱ्हाडाच्या प्रत्येक गाडीत एक असू द्या, परतीच्या वेळी फुंकायला. शेठ म्हणाले, "अन् मांडवात कोन फुंकन? तुमचे व्याही?" मग माझा चेहरा पाहून मागवतो म्हणाले.

त्या दिवशी ती खिशात असती तर नळीच बोलली असती. खडे कुणाचे व्याही नसतात. पण फुंकायला तर मलाच सांगावे लागले असते.

२४ मे
दिनकर गॅरेजवर आला. एकटा. एवढ्या उन्हात टोपीही नाही. मी त्याला माठाचे पाणी दिले. प्यायला, पेला पुसून ठेवला, मग बोलला.

"मामाजी, मांडवपरतणीला शकूला माहेरी पाठवायचं आहे. बाबा म्हणतेत, तुम्ही स्वतः घ्यायला या. पण आमच्याच गाडीनं. गुलाबच चालवन. तिच्यात बसायचं, अन् त्याले काही विचारायचं नाही. वास घ्यायचा नाही. एवढं केलं तर झालं गेलं सोडतो म्हणतेत."
"अन् नाही तर?"
तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "नाही तर एवढ्यात पाठवत नाही म्हणतेत."

शकू कशी आहे विचारले. म्हणाला, "बायका बोलतेत तिले, ओटी सांडवली म्हणून. ते ऐकून घेते. मी काही म्हटलं तर मलेच गप्प करते." मग निघताना, "मले वाटते, घेतली होती त्यानं. पण मी पाहिली नाही."

पाहिली नाही. त्यानेही नाही, मीही नाही.

२६ मे
ही अखेर बोलली. "एक वेळ. एकच वेळ. पोरीसाठी तोंड मिटून बसा. तुमच्या महादेवाले मी सांगते." मी म्हटले, त्याला काय सांगायचे, तो पाहतोच आहे. ही म्हणाली, "मग पाहू द्या. पन पोरगी आणा."

तिचे खोटे नाही. भरल्या घरातून एकच गेली आहे तरी घर ओकेबोके झाले आहे.

पण ज्याला मी किल्ली देताना विचारतो तो दुसऱ्यांच्या लेकरांना घेऊन जातो. येताना या गाडीत माझे लेकरू असणार. तिथेच विचारायचे नाही?

३० मे, सोमवार
पिंडीवर पाणी घालताना हात थांबला. काय मागावे, ठरेना. काहीच मागितले नाही.

गाडी परवा सकाळी उमरेड रोडच्या फाट्यावर घ्यायला येणार. न विचारता बसणे जमणार नाही. बसलो नाही तर शकू येणार नाही. दोन्ही लिहून ठेवले तरी मधे तिसरे काही दिसत नाही.

आज गॅरेजवर मी ड्रायव्हरांना हर हर म्हणायला लावताना मान खाली घालत होतो. रहीमभाईंच्या लक्षात आले. म्हणाले, "बाबूजी, वर पाहा. नाही तर वास कसा येईल?"

१ जून
गाडीतच लिहितो आहे. अक्षर हलते.

फाट्यावर गाडी आली. पुढच्या सीटवर बाबाराव, लक्ष ठेवायला पाठवलेले. मी पिशवी घेऊन उभा. हिने शकूसाठी लुगडे आणि शेव-लाडू दिले आहेत. दाराच्या दांड्याला हात लावला, पण पाय उचलेना. तोंड मात्र मिटून ठेवले होते, हिला शब्द दिला होता म्हणून. बाबाराव म्हणाले, "चढा ना बाबूजी, का मुहूर्त पाहून राहिले?"

गुलाबने इंजिन बंद केले. आपल्या बाजूने खाली उतरला, पुढून वळसा घालून आला, माझ्या पुढ्यात उभा राहिला. अंगावर मी दिलेला दुपट्टा. म्हणाला, "सकाळची येळ आहे. देवाचं नाव घेतो." मग अगदी जवळून, हळू, "हर हर महादेव."

विडी. कांदा. दुसरे काही नाही.

मग तसाच हळू म्हणाला, "त्या दिवशीचं मले इचारू नका, बाबूजी." मी विचारले नाही.

बाबाराव वरून पाहत होते. म्हणाले, "पाह्यलं मी. त्यानं काहून म्हटलं ते घरी सांगा लागन." मी म्हटले, "मी विचारलं नाही." ते म्हणाले, "ते बी सांगन." हसत होते की नाही, कळले नाही. बोलताना लवंगेचा वास आला.

चढलो.

उमरेड मागे गेले. गुलाब नाल्याच्या पुलावर गाडी हळू घेतो. आरशात एकदा माझ्याकडे पाहिले. बाबाराव मागे वळून पाहत आहेत, मी काय लिहितो ते. व्याह्यांना काय सांगतील, आणि ते कोणते धरतील, मी विचारले नाही हे की त्याने आपण होऊन म्हटले हे? लुगड्याची पिशवी मांडीवर आहे. मिरच्यांच्या शेतांचा पट्टा सुरू झाला. भिवापूर यायचे आहे.