बूड माह्यं

दि. २८ डिसेंबर २०२४

चि. शालू,

तुला आणि वीरेंद्ररावांना माझे आशीर्वाद. मी बरा आहे. थंडी यंदा जास्त आहे. बोडीच्या पाण्यावर धुकं बसलं की ऊन चढेपर्यंत उठत नाही, पलीकडची पाळ दिसत नाही. धान घरात आलं. गाय गाभण आहे. शेजारची रत्नाबाई रोज विचारपूस करते, म्हणजे रोज काहीतरी ऐकवते.

रत्नाबाईचा चंद्रकुमार उद्या सकाळी नागपूरला निघतो आहे. त्याच्या हाती हे पत्र, नव्या तांदळाची थैली आणि अळसीची चटणी देतो आहे. चटणी रत्नाबाईने कुटली आहे, तिखट आहे, जपून खा. लाखोरीच्या पाल्याची भाजी तू दोनदा मागितलीस. ती पाठवत नाही.

डोहाळे लागलेल्या मुलीला बापाने एवढ्याशा पाल्यासाठी नाही म्हणू नये, हे मला कळतं. तुझ्या सासूबाई म्हणाल्या की लाखोरीच्या डाळीने पाय लुळे पडतात. कारण ते नाही. कारण वेगळं आहे आणि ते फोनवर सांगायला मला जमलं नाही. या आठवड्यात तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा थंडीबद्दल बोलून ठेवून दिला.

भाजी मी स्वतः करतो. तुला खरं वाटणार नाही. दव असतानाच धानाच्या बांधीत जातो आणि कोवळे शेंडे खुडतो. तुझी आई म्हणायची, "तुम्ही खुडत नाही, उपटता." आता नीट खुडतो. बारीक चिरून, मूठभर कण्या घालून शिजवतो, घोटतो, वरून लसूण आणि लाल मिरचीची फोडणी. गॅसवर नाही, चुलीवर, आईच्या त्याच जर्मनच्या गंजात. गॅसवर बुडाला लागत नाही.

आई कशी जेवायची ते तुला आठवत असेलच. आपल्या दोघांना वाढून झालं की गंज मांडीवर घ्यायची, पाय चुलीकडे करायची आणि बोडीतल्या शिंपल्याने बूड खरवडून खायची. तू लहानपणी हात घातलास की तुझ्या हातावर चापट द्यायची. "भाजी तुमची, बूड माह्यं." तो शिंपला एका बाजूने झिजून नखासारखा झाला होता. अस्थींसोबत तो मी पवनीला वैनगंगेत सोडला. माझ्या हाताने सोडला, म्हणून हे लिहून ठेवतो.

आता दहाव्याचं सांगतो. तू पोटुशी होतीस म्हणून तुला घाटावर नेलं नाही. तुला सगळ्यांनी सांगितलं की कावळा लगेच शिवला. तो लगेच शिवला नव्हता.

पाऊस थांबून थांबून येत होता. पिंड ठेवला, सगळे मागे सरलो. कावळे समोरच्या पिंपळावर होते, खाली एकही येईना. मग तुला माहीत आहे तशी कबुली देणं सुरू झालं. तुझा मामा म्हणाला, "बाई, शालूचं बाळंतपन मी पाहीन, तू काही काळजी नोको करू." कावळा नाही. रत्नाबाईने घराकडे लक्ष देण्याचं कबूल केलं. तरी नाही. शेवटी आपले म्हातारे भैयाजी चिडले. "रुखमिने, केशव बिडी सोडते म्हने! आता त ये न वं!" दोन-तीन जण हसले. मी बिडी सोडली असंही मोठ्याने म्हटलं. कावळे बसूनच.

मग भैयाजी मला म्हणाले, "तूच जा जवळ. तिच्या जीवात काय अटकलं असन ते तुलेच मालूम."

मी जवळ गेलो, वाकलो, आणि जे बोललो ते कोणाला ऐकू गेलं नाही. शब्द संपायच्या आत कावळा खाली आला. सगळे "शिवला, शिवला" म्हणाले आणि नदीकडे वळले.

काय बोललो ते पुढे लिहितो.

या महिन्यात लाखोरी खुडण्याजोगी झाली तेव्हा पहिली भाजी केली. आईचं ताट वाढून भिंतीशी ठेवलं आणि गाय आत बांधायला गोठ्यात गेलो. दिवेलागण झाली होती. गोठ्यातून मला आवाज आला. खर्र, खर्र. मांजर असेल म्हणून मी काठी घेऊन आलो. चुलीपाशी कोणी नव्हतं. ताट जसंच्या तसं होतं, भातावरची वाफसुद्धा अजून जात होती. गंज मात्र आडवा पडला होता आणि त्याचं बूड स्वच्छ होतं. आत ओरखडे होते, अर्धगोल, शिंपल्याचे असतात तसे.

मी शिकलेला माणूस आहे. गंज घासला, पालथा घातला, जेवलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा भाजी केली.

चार-पाच दिवसांनी रत्नाबाई कुंपणावरून म्हणाली, "काय हो केशवभाऊजी, बाई ठेवली का काय घरात? रोज दिवे लागले का गंज खरवडून राहते. तुमाले त भात उतरवता येत नाही."

मी म्हणालो, "मीच खरवडतो."

"तुमी? तुमी त तवा अंगनात उभे होते. म्या पाहलं."

ती माझ्याकडे पाहत राहिली, मग डोक्यावर पदर घेऊन आत गेली. त्यानंतर ती संध्याकाळी कुंपणाकडे येत नाही. चटणी दिली तीही दुपारी.

शालू, मला भीती वाटली नाही. उलट मी दिवस मावळायची वाट पाहत असे. भाजी उतरवली की मी ओसरीवर बसायचो, चुलीकडे पाठ करून. वळून पाहिलं तर आवाज थांबतो, हे मला कळलं होतं. मग मी तिला दिवसभराचं सांगायचो. बोडीत यंदा शिंगाडे चांगले आले, अड्याळच्या बाजारात कोण भेटलं, गाय कधी व्यायेल. ती खरवडत असायची. तुझं नाव निघालं की आवाज थांबायचा, आणि मी पुढचं सांगितलं की पुन्हा सुरू व्हायचा. जिवंतपणी एवढं बोलणं आमच्यात क्वचितच झालं असेल.

मग तुझा फोन आला, संक्रांतीनंतर बाळंतपणाला येते म्हणून. त्या संध्याकाळी मी ते सांगितलं. आवाज थांबला. मी पुढे काय काय बोललो, पण तो पुन्हा सुरू झाला नाही.

सकाळी चुलीजवळ दोन वाट्या होत्या. एक तुझी स्टीलची, नाव कोरलेली. तू होस्टेलवर असताना आई तुझा वाटा काढून ठेवायची, तशी, वर बशी झाकलेली. दुसरी तुझ्या उष्टावणाची चांदीची, एवढीशी. दोन्हींत बुडाची करपट भाजी काढून ठेवलेली. चांदीची वाटी पेटीत असते आणि पेटीची चावी माझ्या करदोट्याला असते. कुलूप लावलेलंच होतं.

म्हणजे आयुष्यभर कोणाला न दिलेला आपला वाटा ती तुझ्यासाठी राखायला लागली होती. तुझ्यासाठी, आणि पोटातल्यासाठी.

ती भाजी मी गायीपुढे टाकली. गायीने हुंगली आणि दावं ताणून जेवढं मागे जाता येईल तेवढी मागे गेली. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. रोज सकाळी दोन वाट्या असायच्या. मी रोज भाजी मातीत पुरून वाट्या घासून ठेवायचो, आणि दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा तिथेच.

मी भैयाजींकडे गेलो. ते शेकोटीपाशी होते. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "घाटावर काय बोलला होतास तू?"

मी सांगितलं. मी म्हणालो होतो, "हिवाळ्यात घरी ये. लाखोरी निघाली का भाजी करून ठेवतो."

भैयाजींनी हातातली काडी शेकोटीत टाकली. "अरे लेका! सारे तिले सोडवून राहिले होते, आन तू बलावून ठेवलं? मेलेल्याले जा म्हनतेत, ये नाही म्हनत."

"ती काही करत नाही, भैयाजी. नुसती बसते."

"तुले करत नाही. पोरगी दोन जीवाची हाये. मेलेलीच्या वाट्याचं तिनं एक खेप खाल्लं का मंग पोरगी कोनाची?" मग मऊ आवाजात म्हणाले, "बलावलं तूनं, त जा बी तूच म्हन. चुलीपाशी बसून म्हन. दुसऱ्या कोनाचं नाही ऐकाची ते."

हे सांगायला सोपं आहे. मी दोन संध्याकाळी बसलो आणि काही न बोलता उठलो. तू येऊ नकोस असं तुला कळवावं, म्हणजे तिला घालवावं लागणार नाही, हेही माझ्या मनात येऊन गेलं. ते लपवत नाही.

काल बोललो. भाजी केली, या वेळी ताट वाढलं नाही. गंज चुलीवरून उतरवला आणि ओसरीवर न जाता समोरच बसलो. म्हणालो, "रुखमिणी, पोरीला सुखरूप राहू दे. आता जा." एवढंच. बराच वेळ बसलो. गंज निवला. आवाज आला नाही.

आज सकाळी पाहिलं तर बूड तसंच होतं, काळं, चिकटलेलं. मी चमच्याने खरवडून खाल्लं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा खाल्लं. वरच्या भाजीपेक्षा ते फार चांगलं लागतं, शालू. तिने कधी सांगितलं नाही.

तुझी स्टीलची वाटी फळीवर पालथी होती. चांदीची सापडली नाही. पेटी उपसली, चुलीतली राख चाळली, गोठा पाहिला. घरात नाही.

मी तिला जा म्हणालो. कुठे जा ते म्हणालो नाही.

तरीही मी हे पत्र दोन ओळींत संपवणार होतो, पण दुपारी तुझा फोन आला. तू हसून म्हणालीस की शेजारच्या बंद घरात कोणी राहायला आलं वाटतं, काल संध्याकाळपासून गंज खरवडल्याचा आवाज येतो आहे, आणि लसणाच्या फोडणीचा वास घरभर आहे. "बाबा, आता त भाजी पाठवाच." मी तुला थंडी किती आहे ते विचारलं.

म्हणून भाजी पाठवत नाही. तू तिथे कुठूनही आणून करू नकोस. चांदीची वाटी घरात कुठे दिसली तर तिच्यात काही असलं तरी चाखू नकोस, वीरेंद्ररावांना सांग, ते मातीत पुरतील. त्यांनी हसू नये. मी गाय रत्नाबाईकडे बांधून परवा सकाळच्या बसने निघतो आहे. मी येईपर्यंत आवाज आला तर वळून पाहू नकोस, आणि ये म्हणू नकोस. जा असंही तू म्हणायचं नाही. ते मुलीने आईला म्हणायचं नसतं. एकदा म्हटलं आहे, पुन्हा मीच म्हणेन.

फक्त एक कर. भात कर की वरण, भांड्याच्या बुडाला थोडं लागू दे आणि रात्री ते घासू नकोस. तेवढं तिचं आहे. त्यावर तिचं भागलं, तर ती वाट्या भरायची नाही.

स्वेटर घालून राहा.

तुझा,
बाबा