खालच्या मजल्यावरचा बांगडा

आई,

ईलिंगच्या घरात आपल्या खालच्या मजल्यावर राहणारी जपानी बाई तुला आठवत असेलच. तिच्याबद्दल लिहायचं आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली की हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं हा प्रश्नच नाही. पण एखादी गोष्ट मनात घोळवत बसणं मला जमत नाही, म्हणून कागदावर उतरवते आहे.

बाबा गेले आणि तू मासे सोडलेस. जन्म मालवणात गेलेल्या बाईने तेराव्या दिवसापासून मासळीला हात लावला नाही. मला ते पटलं नव्हतं, पण वाद घातला नाही. एकोणीसशे साठचं दशक संपता संपता तू आमच्याकडे लंडनला आलीस तेव्हा तुझा जीव अडकू नये म्हणून मी घरात मासे आणणंच बंद केलं. ह्यांना खावेसे वाटले तर हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये खाऊन यायचे. मला त्याचा अभिमान होता. चार लोकांत मी तो बोलूनही दाखवत असे.

मी सकाळी आठला शाळेत गणित शिकवायला निघायची ती पाचला परत. दिवसभर तू एकटी. त्या बाईचा नवरा कुठल्याशा बँकेत होता, मूलबाळ नव्हतं, आणि तिचं इंग्रजी तुझ्याइतकंच. पहिल्या ऑक्टोबरात तुम्ही दोघी पार्कात एकाच झाडाखाली चेस्टनट वेचताना एकमेकींना भेटलात. तिने ते सोलून भातात शिजवले आणि तुला जेवायला बसवलं. संध्याकाळी तू मला सांगत होतीस, "आपण काजू घालून करतो ना, तसाच भात गं. पण फोडणीच नाही बिचारीकडे." मग तिने सालासकट भाजलेली रताळी दिली. ती तुझ्या एकादशीला चालली. तिच्या कॅलेंडरवर घराच्या वळचणीला ओळीने टांगलेल्या नारिंगी फळांचं चित्र होतं. तू विचारलंस, "टोमॅटो कशाला वाळत घातलेत यांनी?" मी लायब्ररीत शोधून तुला सांगितलं की हे आपल्या टेंभुर्णीच्याच जातीचं फळ, शरद ऋतू आला की जपानात ते सोलून सुकवतात. तुझा विश्वास बसला नाही. "टेंभुर्णी एवढी मोठी? काहीतरीच," म्हणालीस. किती महिन्यांनी तू हसली होतीस.

त्याच महिन्याच्या शेवटी हाफ टर्मची, म्हणजे सत्राच्या मधली, आठवड्याची सुट्टी लागत होती. त्या दिवशी शाळा दुपारीच सुटली. मी घराचं पुढचं दार उघडलं तर पॅसेजभर भाजलेल्या मासळीचा वास. खालच्या बिऱ्हाडाचं दार सताड उघडं आहे. तू टेबलाशी बसली आहेस. पुढ्यात अख्खा बांगडा, कातडी करपून काळी झालेली, शेजारी किसलेल्या मुळ्याचा पांढरा ढीग. मुळा माझाच, शनिवारी साउथॉलच्या देशी बाजारातून आणलेला. त्यांच्याकडे या दिवसांत एक लांबुडका, तलवारीसारखा मासा येतो, तो इथे मिळेना म्हणून तिने बांगड्यावर भागवलं होतं. तू दोन बोटांनी सबंध काटा एका ओढीत वेगळा केलास आणि ती बाई लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवायला लागली. मग तू वर पाहिलंस.

तू जिना चढून वर येईपर्यंत मी थांबले. दार लावून म्हणाले, "तू आल्यापासून या घरात मासळी शिजली नाही. तुझ्यासाठी. आणि तू परक्यांकडे जाऊन बांगडा खातेस?"

तू बराच वेळ हात धूत राहिलीस. "तिने विचारलंच नाही गं. वाढलं आणि समोर बसली."

"मग मी विचारायला हवं होतं का?"

"तू विचारलं असतंस तर मला नाहीच म्हणावं लागलं असतं."

बोलण्यात हरले की माझा आवाज चढतो. "या वयात जिभेचे चोचले," असं मी म्हटलं. आईला म्हटलं. तू टॉवेलची घडी घातलीस आणि आपल्या खोलीत गेलीस. नंतर तू खाली गेली नाहीस. मी विचारायच्याऐवजी नुसतं वाढायला हवं होतं, हे मला त्याच रात्री कळलं होतं. तरी नंतरच्या चार वर्षांत मी तुझ्या ताटात एकदाही मासा वाढला नाही. वाढला असता तर माझी चूक कबूल केल्यासारखं झालं असतं.

डिसेंबरात तू विचारलंस, "खालची आताशा वर फिरकत नाही. माझं काही चुकलं का गं?" मी वह्या तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "थंडी आहे. या देशात थंडीत कोणी कोणाकडे जात नाही." वसंतात त्यांची बदली झाली. टॅक्सीत सामान चढताना तू खिडकीतून पाहत होतीस. तिने वर पाहिलं नाही. "मला विसरली," एवढंच तू म्हणालीस.

ती विसरली नव्हती, आई. हाफ टर्म संपायच्या आत ती वर आली होती, झाकलेली ताटली घेऊन. तू आतल्या खोलीत झोपली होतीस. मी दार अर्धंच उघडलं आणि तिला समजेल अशा सावकाश इंग्रजीत सांगितलं की माझी आई विधवा आहे, आमच्या धर्मात तिला मासे चालत नाहीत, तुम्ही तिला पापात पाडलंत. ती लाल झाली. दोनदा वाकली. आणि ताटली तशीच घेऊन खाली गेली.