मुराळ्याची झेन

१५ सप्टेंबर १९९७, सोमवार
गाडी आली. मारुती झेन, सेकंडहँड, बारामतीच्या एका डॉक्टरची. डॉक्टरला गाडीतलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. सीटला केसाळ कव्हरं, काचेपाशी मान हलवणारा प्लॅस्टिकचा कुत्रा. शिसारी आली. सगळं उपटून उकिरड्यावर टाकलं. कुत्रा आईनं परत आणून देवळीत ठेवला.

आबांनी गाडी घेतली ती माझ्या बहिणीसाठी, सारजासाठी. मे महिन्यात लग्न झाल्यावर तिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून सासरी, वरकुट्याला पाठवली, ते त्यांना लागलंय. मीही तेव्हाच तिला शब्द दिला होता, पहिल्या दिवाळीला मुराळी म्हणून तुला न्यायला येईन तो कारनंच. दीड महिना हातात आहे. तेवढ्यात हिची स्पोर्ट्स कार करायची. आमच्या कळस गावात एकाला तरी कळू दे, गाडी कशाला म्हणतात.

१९ सप्टेंबर
स्टँडवरून इंग्रजी मोटारींचं मासिक आणलं. निम्मं कळलं, निम्म्याची चित्रं आहेत. तत्त्व असं की आधी परफॉर्मन्स, मग दिखावा. आपले लोक नेमकं उलटं करतात. किळस येते.
आज फक्त स्टिकर लावले. दोन्ही बाजूंना आगीच्या ज्वाळा. तीन आवाजांचा हॉर्नही बसवला, पण तो सेफ्टीत मोडतो.

२८ सप्टेंबर, सकाळ
मी झोपलेलो असताना आबा गाडी घेऊन सणसरला गेले आणि मागच्या सीटवर मेंढा घेऊन आले. मेंढा! घरातला मेंढरांचा वाडा मोडून किती वर्षं झाली, आता आमचा ऊस आहे, तरी चांगला मेंढा दिसला की आबांचे पाय थांबतात. म्हणाले, लई गुणी हाय, उभा ऱ्हाऊन काचंतनं बघत आला, येकदा बी उलटी न्हाय केली.
उलटी नाही केली. बाकी सगळं केलं.

संध्याकाळ
फिनेल मारलं. डेटॉल मारलं. शेवटी मोगऱ्याचा स्प्रे. आता मेंढा नवरदेव होऊन बसल्यासारखा वास येतोय. मला दोनदा ओकारी आली.
निर्णय: मागची सीट काढायची. मासिकातही लिहिलंय, वजन कमी करा.

६ ऑक्टोबर
बारामतीला सिकंदरच्या गॅरेजात दिवसभर. या भागात सिकंदर हा एकच समजूतदार माणूस. काहीही सांगा, करून टाकू की, म्हणतो. का, कशाला, असले गावंढळ प्रश्न नाहीत.
स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवली. रुंद टायर. सायलेन्सर मोठ्या भोकाचा. सीटच्या जागी स्पीकरची पेटी, हलू नये म्हणून वेल्डिंग करून. पेटी सीटपेक्षा जड आहे, पण तिच्यात संगीत आहे.
येताना प्रत्येक स्पीडब्रेकरला गाडी खालून खरवडली. स्पीडब्रेकर बांधणाऱ्यांना अक्कल नसते. वळताना टायर घासतात. शक्यतो वळायचं नाही.

१३ ऑक्टोबर
मागे पंखासारखा स्पॉयलर बसला. आता डिकी उघडत नाही. स्पोर्ट्स कारमधून काय बाजार आणायचाय?
काढलेली सीट आबांनी ओट्यावर मांडलीय. संध्याकाळी चार म्हातारे येऊन तिच्यावर तंबाखू मळतात. त्यांतल्या गेणूतात्याला विचारलं, काय काम होतं? म्हणाला, काम न्हाय, गाडीत बसाया आलो. खरी गाडी दहा पावलांवर उभी, तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. असल्या गावात जन्म का झाला, कळत नाही.

२२ ऑक्टोबर
वाण्याच्या दुकानात सारजाचा फोन. म्हणाली, दादा, मी पिशवी भरून ठिवलीया, कवा येतूस? सासूबाई सारख्या इचारत्यात, मुराळी कुठं अडाकला? आणि ह्यांचा बी दिवाळसण हाय, हे बी येनार. दोघांना जागा हाय ना रं?
मी म्हणालो, जागाच जागा आहे.
फोन ठेवल्यावर सीट आठवली. काळजीचं कारण नाही. दाजी पुढे बसतील. सारजा पेटीवर उशी घेऊन बसेल. ती ट्रॉलीत उसावर बसून वाढलेली पोरगी आहे.

२६ ऑक्टोबर
ट्रायल म्हणून आईला पेटीवर बसवलं आणि कॅसेट लावली. आई छाती धरून खाली उतरली आणि म्हणाली, मी पायी जाईन.
आबा म्हणाले, सीट परत बसीव. सिकंदरला विचारलं. म्हणाला, करून टाकू की, पण हातातल्या गाड्या उरकल्यावर, दिवाळीनंतर. याच्याइतका बेभरवशाचा माणूस बारामतीत दुसरा नसेल.

३० ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन, दुपार
गाडीत बसून लिहितोय. वरकुटं समोर दिसतंय. देवळाचा कळससुद्धा दिसतोय.
उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्याला खोल चाकोऱ्या पाडल्यात. मधल्या उंचवट्यावर गाडी पोटावर बसलीय. पुढची चाकं नुसती फिरतात. याला रस्ता म्हणतात! गाडीत काहीही दोष नाही, हे इथं नोंदवून ठेवतो.
सकाळपासून ॲक्सिलरेटर दाबून इंजिन गरजवतोय, म्हणजे सारजाला आवाज जाईल. भाऊ येतोय हे तरी तिला कळेल. मघाशी एक कळप दोन्ही बाजूंनी गेला. एका मेंढीनं खिडकीतून आत तोंड घातलं. तोच वास. आता एक एस.टी. शेतातून वळसा घालून चाललीय, सगळी धूळ वहीवर. कुणीतरी खिडकीतून ओरडतंय. आधी मेंढरं, आता ही माणसं. मी मान वर करणार नाही.

भाऊबीज. तारीख बघावीशी वाटत नाही.
गाडी परवाच आबांनी ट्रॅक्टरनं ओढून काढली. पुढचा बंपर वरकुट्याच्या शिवारातच राहिला.
सारजा आणि दाजी त्याच एस.टी.नं आले होते. घरी पोचलो तेव्हा ती स्वयंपाकघरात होती. रागावली नाही, हेच वाईट. नंतर आईला सांगत होती. सकाळी आवाज आल्याबरोबर ती पिशवी घेऊन वेशीपाशी जाऊन उभी राहिली. सासूबाई आल्या, आळीतल्या बाया आल्या. ती प्रत्येकीला सांगत होती, आला, दादा आला. आवाज दुपारपर्यंत येत राहिला. दादा काही आला नाही. शेवटी बायाच एकमेकींकडे बघून हसायला लागल्या, तेव्हा दाजी म्हणाले, चल, गाडी धरू. एस.टी.च्या खिडकीतून तिनं मला बघितलं. लई हाका मारल्या, म्हणाली. पर दादा मान खाली घालून कायतरी लिवत हुता.

आज दुपारी सारजानं ओवाळलं. पाट मांडलाच नाही. मला ओट्यावरच्या सीटवर बसवलं, मग स्वतः शेजारी बसली. म्हणाली, तुझ्या गाडीत बसायचं ऱ्हायलं हुतं. सीटला मेंढ्याचा वास अजून आहे. तिनं नाक मुरडलं नाही. मला मात्र माझीच लाज वाटली.
ओवाळणी काय देऊ, विचारलं. म्हणाली, ही सीट दे. आमच्या ओट्यावर मांडते. सासूबाईंस्नी सांगीन, घ्या, दादाची गाडी आली.

दाजींच्या उसाला तोड आली, म्हणून संध्याकाळच्याच गाडीनं निघाले. आबांनी टपावर चढून सीट बांधली, खालून मी दोरी आवळली. आईनं देवळीतला कुत्राही पिशवीत घातला.
एस.टी. सुटली. सारजा खिडकीतून हात हलवत होती. या वेळी मी वर बघत होतो.