अर्धे पैसे मिस्त्रीला

“सूनबाई, जुनी फियाट घेशील तर अर्धे पैसे गाडीला दे नि अर्धे मिस्त्रीला राख.” जन्मभर फियाट चालवलेल्या मामंजींचं हे सांगणं मी मोडणार नाही.

अहो, शहापूरच्या चकचकीत गाडीला तुम्ही मला न विचारता विसार दिलात, नारळही फोडलात. तिचा तळाचा पत्रा कुजलाय, मी चटई उचलून पाहिला. सगळे दीड लाख तिलाच गेले तर दुरुस्ती कशाने करायची? अंगणात उभी राहून कोंबड्यांची सोय होईल. नारळ फुटला, आता माघार नाय, म्हणालात. नारळ देवाला पोचला. हीच गाडी घ्या, असं देवाने सांगितलेलं नाही. विसार बुडू दे, पैसे मी दूध विकून जमवलेत.

मी धसईची सत्तर हजारांची घेतेय. रंग उडालाय, पण मिस्त्रीने घाट चढवून दाखवली. “वहिनी, टायर नि क्लच बदला, मग बिनधास्त,” म्हणाला. त्यासाठी ठेवलेल्या ऐंशी हजारांना हात लावू नका.

आज माझा गुरुवारचा उपास, म्हणून भांडायला थांबत नाही, ही चिठ्ठी ठेवतेय. भाकरी टोपलीत आहे. आईंना फियाटमधून माहेरी वैशाखऱ्याला नेईन, असा शब्द दिलाय. त्या नवं लुगडं नेसून ओट्यावर बसल्यात. आम्ही दोघी धसईच्या एसटीला निघतो.