कणा नसलेल्यांचे दालन

तीर्थस्वरूप मामा,

तुमच्या भाचीचा वाकून नमस्कार. (मामीला निराळा, जरा जास्त वाकून.) पाठदुखी कशी आहे? डॉक्टरांनी पट्टा दिला आणि तुम्ही तो कमरेऐवजी खुंटीला बांधला, असं मामीकडून कळलं. असं करू नका हो. या वयात पाठीला कशाचा तरी आधार लागतोच. मी मजेत, म्हणजे शुक्रवारपर्यंत. शुक्रवारी कॉलेजची कार्यकारिणी हात वर करून ठरवणार, मला नोकरीत ठेवायचं की नारळ द्यायचा. आणि कारण काय, तर एक पाटी.

झालं असं, की आमच्या संग्रहालयातले जीवाश्म वर्षानुवर्षं जिन्याखाली धूळ खात पडले होते. (कोट्यवधी वर्षं चिखल खाल्लेल्यांना धुळीचं काय म्हणा.) यंदा त्यांना वरच्या मजल्यावर खोली मिळाली. मी आपली पाटी लिहून पाठवली, ‘अपृष्ठवंशीय जीवाश्म’. अध्यक्षांकडून ती लाल शेरा मिरवत परत आली, ‘सामान्य माणसाला कळेल अशा सोप्या मराठीत लिहा.’ साहेबांची आज्ञा! मी लिहिलं, ‘कणा नसलेल्यांचे दालन. यांतले बहुतेक केव्हाच दगड झाले आहेत. कृपया हात लावू नये.’ सुताराला सांगितलं, जिना चढलास की डावीकडचं पहिलं दार. इमारतीला जिने दोन आहेत, हे माझ्या डोक्यातून साफ गेलं, आणि तो बाबा चढला मागच्या जिन्याने. तिकडून डावीकडचं पहिलं दार म्हणजे कार्यकारिणीचं सभागृह. त्याने पाटी इतकी इमानाने ठोकली की ती अजून निघालेली नाही. सगळे सदस्य तिच्याखालून रुबाबात आत गेले. (वाचायची सवय कुणाला आहे?) शेवटी चहावाल्या बाई दारात उभ्या राहून इतक्या हसल्या की ट्रेमधले कप वाजायला लागले, तेव्हा कुठे मंडळी बाहेर येऊन वर बघू लागली.

मला बोलावणं आलं. याचा अर्थ काय, असं अध्यक्षांनी विचारलं. मामा, मी इतकी बावळट, की मला वाटलं, चला, या संस्थेत कुणाला तरी जीवाश्मांविषयी काहीतरी जाणून घ्यायचंय! मी सुरूच झाले. जीवाश्म व्हायचं तर मेल्यावर पटकन गाळात रुतायचं आणि मग मुळीच हलायचं नाही. आतलं मऊ असतं ते कुजून जातं, कवच राहतं. वर थरावर थर साचतात, झिरपत्या पाण्यातली खनिजं कणाकणाने आत शिरतात, आणि शेवटी आकार हुबेहूब जुना, आत सगळा दगड. इथे सचिव चुळबुळले. (ते त्या खुर्चीत माझ्या जन्माच्याही आधीपासून आहेत.) मग मी गटांकडे वळले. स्पंज घ्या, अंगभर भोकं, बसल्या जागी येईल ते शोषायचं. खजिनदारांनी हातातली बशी हळूच खाली ठेवली. प्रवाळ म्हणजे एकटा जीव टिचभर, पण एकाच्या पाठीवर दुसरा, दुसऱ्याच्या पाठीवर तिसरा, असं करत घरच्यांचीच वसाहत उभी राहते. (उपाध्यक्षांचे मेहुणे आणि जावई एकदम खोकले.) अमोनाइटचा शंख गुंडाळलेला, आत कप्पे. हा प्राणी वाढत गेला की पुढे मोठा कप्पा करून त्यात राहायला जातो आणि मागचा बंद करतो. अध्यक्षांची केबिन नुकतीच पुन्हा वाढवलीय, हे देवाशपथ माझ्या मनातही नव्हतं. शेवटी ट्रायलोबाइट, खेकड्या-विंचवांच्या गोतातला. संकट दिसलं की हा अंगाची गोळी करून पडून राहतो. खिडकीपाशी एक सदस्य खुर्चीतच गोळा होऊन बसले होते, त्यांनी पाण्याचा ग्लास जवळ ओढला.

वातावरण तापलंय हे पाहून मी सावरायला गेले. म्हटलं, यांना कमी लेखू नका, कण्यावाचून इतका काळ टिकून राहणं सोपं नाही. हे मी मनापासून कौतुकाने बोलले. तेच नडलं. ‘संस्थेची बदनामी’ असा ठराव झाला. मामा, हसण्यावारी नेतेय खरी, पण रडू येतं हो. एकेक दगड मी स्वतः ब्रशने साफ केलाय. माझ्यानंतर ते पुन्हा जिन्याखाली जातील.

तुमची (शुक्रवारपर्यंत पगारी)
भाची

ता. क. तुम्ही म्हणाल, हे पुराण मला कशाला, मी तिथेच तर होतो. होतात ना. खिडकीपाशी. लहानपणी नदीकाठचा पहिला दगडी शिंपला माझ्या हातात तुम्हीच ठेवला होतात, म्हणून मी सारखी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही पाण्याच्या ग्लासाकडे बघत होतात.

आणखी एक. चहावाल्या बाईंच्या मते एका हाताने पारडं फिरेल. हात वर करायला पाठ ताठ लागते, तेव्हा शुक्रवारी तेवढा पट्टा बांधून या. सुतार पाटी काढायला आज आला होता. त्याला म्हटलं, थांब जरा, आधी मामांचा हात बघू.