‘धरसोड्या’ हा शब्द मागे घेण्याबाबत

जामखेड,
ता. १४ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप जोसेफदाजी यांस नॅथनचा सलाम.

एलिझाबेथताईचा गुडघा आता तिला जिना चढू देतो असे समजले, समाधान वाटले. इकडे एस्तेर व मी उभयता ठीक आहोत. (माझ्या नाकात गेलेले पाणी वगळता. खुलासा पुढे येतो.)

गेल्या नाताळात आपल्या ग्रेसच्या सासरच्या मंडळींसमोर, करंज्यांचे ताट फिरत असताना, आपण मला ‘धरसोड्या’ म्हणालात. हार्मोनियम, होमिओपॅथी आणि मधमाश्या ही तिन्ही कामे अर्धवट राहिली, हे मान्य. (पैकी मधमाश्यांनी मला सोडले, तो प्रकार कृपया वेगळा धरावा.) तीच मंडळी यंदाही येणार आहेत. तत्पूर्वी आपणांस तो शब्द मागे घेता यावा म्हणून मी चोपन्नाव्या वर्षी पोहणे शिकण्यास घेतले आहे. पाठीवरचा डबा सोडून विहिरीची एक पूर्ण फेरी मारल्याशिवाय मी थांबणार नाही.

विहीर गोरक्षची. शिकणाऱ्याच्या पाठीवर तो तेलाचा रिकामा डबा दोरीने बांधतो, तोही खांद्यांच्या मधोमध. समतोलासाठी भार मध्यावर असावा, या समजुतीने मी टेपने स्वतःची उंची मोजली आणि डबा बरोबर मध्यावर, म्हणजे कमरेवर, स्वतःच बांधला. मध्य उत्तम तरंगला; दोन्ही टोके पाण्याखाली गेली. गोरक्षने मला पायाला धरून बाहेर काढले. “साहेब, पाणी हाय ते, ताळेबंद न्हाई,” एवढेच तो म्हणाला.

त्यानंतर आठ दिवस मी पायरीवर नुसता उभा राहून परतलो. काठावर कपडे धुणाऱ्या छबूबाईंनी मला भागूबाई ठरवले, शेजारच्या आप्पासाहेबांनी पळपुटा, तर कोणी ‘कच खाल्ली’ म्हणाले. शब्दांचा हा ढिसाळ वापर मला सहन होत नाही. पळपुट्याला निदान पळावे लागते; मी चालत येत असे. कच ऐनवेळी खातात. मी त्याच्या पुष्कळ आधी फिरत असे. राहता राहिली भीती. ती होती. परंतु ती असूनही जो नवव्या दिवशी पुन्हा गेला आणि ज्याने डब्यासह उडी मारली, त्याला मराठीत शब्द असल्यास कळवावा. आज एकोणिसावा दिवस. एकही खाडा नाही.

आपला,
नॅथन

ता. क. डबा अद्याप सुटलेला नाही. तो सोडण्याची वेळ आली की हात दोरीवरून हलत नाही. ग्रेसला आपणच पोहायला शिकवलेत. येत्या शनिवारी यावे आणि पाण्यात माझ्यापुढे दोन हात अंतरावर राहावे. शब्दाचे नंतर पाहू.

ता. क. २. गोरक्ष कशाला कमी पडला, असे आपण विचाराल. तो कमी पडलेला नाही. चौथ्या दिवशी एस्तेर माझे कपडे सांभाळायला म्हणून आली होती. गेल्या सोमवारपासून ती डब्याशिवाय पोहते. विहिरीच्या मधोमध जाऊन हात पुढे करते आणि सर्वांदेखत “या हो, मी धरते” म्हणते. ती सात वाजता येते. आपण सहाला पोहोचावे.