वीरगळावरचा पिवळा सूर्य

बंगळुरू

ती. दादांना इथूनच वाकून नमस्कार.

तुम्ही पाठवलेल्या वेशीवरच्या वीरगळाच्या फोटोचं मी कॉम्प्युटरवर अमूर्त चित्र केलं, त्याची प्रत सोबत पाठवतेय. घोडा, तलवार काहीच ओळखू येत नाही. आईला दाखवू नका, ती म्हणेल, एवढं शिकून चांगला फोटो बिघडवला.

इथल्या एका प्रदर्शनात ते लावलं, तर लोक त्याच्या कोपऱ्यातल्या पिवळ्या गोळ्यासमोरच थांबत होते. मला ते ऊन वाटलं होतं. एक बाई म्हणाल्या, "हा वीराचा मावळता सूर्य." मीही मान डोलावली.

घरी येऊन मूळ फोटो मोठा करून पाहिला. सूर्य कसला, हळदीची चिंधी गुंडाळलेलं तुमचं बोट कॅमेऱ्यापुढे आलंय! कशात चेचलं? फोनवर तर म्हणता, सगळं मजेत.

उद्याच पारनेरला डॉक्टरांना दाखवा. मग दहाही बोटांचे फोटो पाठवा. त्यांची चित्रं करणार नाही.

तुमची
वर्षाली